सुपडूनानांची रेघ

सुपडूनाना मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी स्वतः गाडीला हात लावत नसत, मालकाला लावायला सांगत. इंजिन चालू ठेवायचं, बॉनेट उघडायचं आणि मालकाने तळवा इंजिनच्या वरच्या झाकणावर ठेवायचा. कडक इस्त्रीचे पुढारी, बोटाबोटांत अंगठ्या घातलेले केळीचे व्यापारी, सगळे त्या गॅरेजात असे इंजिनवर हात ठेवून, शपथ घेतल्यासारखे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. नाना समोर कमरेवर हात ठेवून उभे.

"काय लागतं?" ते विचारायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "गरम लागतंय."

"गरम तर चहा बी लागस, सर. दुसरं काय?"

मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कंपन, वारंवारता, अनुनाद हे धडे मला झोपेतही पाठ आहेत. पण त्या दिवशी तळहाताला नक्की काय लागतंय ते मला सांगता येईना. नानांनी माझा हात हलकेच बाजूला करून स्वतःचा ठेवला. डोळे मिटले. "कान लबाडी करस," ते म्हणाले, "डोळा बी करस. हात नही करत."

नाना आता नाहीत. गेल्या दिवाळीच्या आधी गेले. पण अजूनही गाडी लाल सिग्नलला उभी असली की माझा हात आपोआप स्टिअरिंगवर सपाट पसरतो आणि मी काय लागतंय ते बघत बसतो. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालतात.

नाना ठेंगणे होते. अंगात बिनबाह्यांची बंडी, खाली खाकी पँट, आणि घाम पुसताना लागलेला ग्रीसचा ठिपका कपाळावर असा कायमचा की तो गंधच वाटावा. अजिंठा रोडवर त्यांचं गॅरेज होतं, शेजारी केळीची वखार. गॅरेजला पाटी नव्हती. दारात दोन तुकड्यांत मोडलेला एक क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, चंदेरी रंग देऊन उभा केला होता, तीच पाटी. नवा माणूस हमखास विचारायचा की हे काय आहे. मग नाना त्याला स्टुलावर बसवून ती गोष्ट सांगायचे, आणि त्या वेळात त्यांच्या हातातलं काम थांबायचं. कोणी घाई केली तर म्हणायचे, "घाई असेल त्याने बैल घ्यावा."

त्या क्रँकशाफ्टची गोष्ट अशी. इंजिनच्या पुढच्या टोकाला, पट्टे फिरवणारी एक जाड पुली असते. ती दिसायला एक, पण असते दोन: आतला तुंबा क्रँकशाफ्टवर घट्ट बसलेला, बाहेर जड लोखंडी कडं, आणि दोघांच्या मध्ये बोटभर रबर. गॅरेजवाले हिला डँपर पुली म्हणतात. सिलिंडरमध्ये दर स्फोटाला क्रँकशाफ्ट ओलं धुणं पिळावं तसा पिळला जातो आणि सुटतो. ते कडं रबरावर मागेपुढे होत हा पीळ खाऊन टाकतं. रबर गेलं तर गाडी चालायची थांबत नाही, हीच खरी गोम आहे. नुसती थरथरते. एका गिऱ्हाइकाने, नाना नको नको म्हणत असताना, लेथवर घडवलेली सलग लोखंडी पुली बसवून घेतली. मजबूत दिसते म्हणून. नानांनी ती बसवायला नकार दिला, तर त्याने दुसरीकडे बसवली. पावसाळा संपायच्या आत क्रँकशाफ्टचे दोन तुकडे झाले. ते तुकडे नानांनी मागून आणले, चंदेरी रंगवले आणि दारात उभे केले. "इंजिन रडत असेल तर बरं," नाना म्हणायचे. "जे नुसतं थरथरतं त्याच्याकडे कोणी बघत नही."

नाव सुपडू का, हे खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. आधीची पोरं जगत नसली की जन्मलेल्या पोराला सुपात घालायचं आणि नाव सुपडू ठेवायचं, म्हणजे यमाला वाटावं, हे काही किमती नाही. भडगावजवळच्या एका खेड्यात नाना असे सुपात पडले. पाठच्या भावाचं नाव भिका, म्हणजे भीक मागून आणलेला. दोन्ही नावांनी यमाला बऱ्यापैकी फसवलं. दोघे भाऊ सत्तरीपर्यंत धडधाकट राहिले.

भिकांबद्दल मला पुष्कळ वर्षं काही माहीत नव्हतं. नाना त्यांचं नाव काढत नसत. मला माहीत होती ती नानांची रेघ. डँपर पुली बसवून झाली की नाना एका बारीक ब्रशाने तुंब्यापासून रबरावरून थेट बाहेरच्या कड्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढायचे. सरळ, गव्हाच्या दाण्याएवढी जाड. कडं रबरावरून घसरलं तर रेघ तुटणार. "पंधरा दिवसांनी बॉनेट उघडा," ते मालकाला बजावायचे, "रेघ मोडली तर चालवू नका. मला बोलवा." किती जण उघडून बघत असतील देव जाणे. पण जळगावातल्या कित्येक गाड्यांच्या पोटात ही पांढरी रेघ फिरते आहे, हे मला उगाच बरं वाटायचं.

माझी गाडी वडिलांची. वडील दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही नऊ जणांची डिझेल गाडी घेतली आणि घरात माणसं चार. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. तीन वर्षांपूर्वी ती साठच्या वेगाला थरथरायला लागली. साठच्या खाली ठीक, सत्तरच्या वर ठीक, बरोबर साठला आरशातला मागचा ट्रक दुहेरी दिसायचा. अनुनादाचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नसतं. मी वर्गात ते सांगितलंही. दुरुस्त मात्र करता येईना.

नानांनी माझा हात ठेवला, स्वतःचा ठेवला, पुली काढली आणि रबराला नख लावलं. रबराचा तुकडा वाळलेल्या भाकरीसारखा हातात आला. "दुसरी बघा," ते म्हणाले.

मी शिकलेला माणूस. मोबाइलवर शोधून दिल्लीची एक पुली मागवली. चकचकीत खोक्यातून आली. ती घेऊन मी जरा मिरवतच गॅरेजात गेलो. नानांनी ती खोक्यातून काढली. ती आणि जुनी, दोन्ही घेऊन शेजारच्या वखारीत गेले आणि केळीच्या काट्यावर एकेक ठेवली. नवी जुनीपेक्षा चांगली पाऊण किलो हलकी भरली. मग त्यांनी ती सुतळीने आढ्याला टांगली आणि पान्याने टिचकी मारली. टण्ण असा लांब आवाज निघाला, हमालसुद्धा वळून बघायला लागले. 

"ही देवळात टांगा, सर," नाना म्हणाले. "डँपरचा आवाज ठप्प यायला पाहिजे. ज्याने आवाज खायचा तेच गायला लागलं तर कसं?"

"मग आता?"

नाना पान्यावरचं तेल पुसत राहिले. मग म्हणाले, "जुन्याच पुलीला नवं रबर भरता येतं. धुळ्याला एक माणूस आहे. सगळ्या खानदेशात तसं रबर कोणी भरत नही." पत्ता त्यांनी तोंडी सांगितला, पांझरा नदीच्या पलीकडे, पत्र्याची शेड. मी निघालो तेव्हा मागून हाक मारून म्हणाले, "कोणी काढली ते सांगू नका. विचारलंच तर पुलरने ओढून काढली म्हणा. हातोडी लावली नही म्हणा."

पत्र्याच्या शेडमधून जळक्या रबराचा वास येत होता. आत बसलेला माणूस नानांपेक्षा वीतभर उंच, पण कपाळ तेच, कमरेवर हात ठेवून उभं राहायची तऱ्हा तीच. मला विचारायची गरज पडली नाही. शेजारचे त्यांना भिकाआबा म्हणत होते. त्यांनी पुली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि तुंब्यावरच्या पुलरच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हाई कोनी काढी?" त्यांनी विचारलं.

"पुलरने काढलीय," मी पढवल्यासारखं म्हणालो.

"ते दिसस. कोनी काढी? जळगावना सुपडूनानानी का?"

खोटं बोलायचं तर वर्गात बोलतो तितकंही जमेना.

"बरं," भिकाआबा म्हणाले.

हा त्यांचा शब्द होता. चहा आला की बरं, गिऱ्हाईक चिडलं की बरं, लाइट गेली तरी बरं. मात्र प्रत्येक वेळी चाल वेगळी असायची. माझं उत्तर न ऐकता त्यांनी जे बरं म्हटलं ते फार हळू होतं.

रबर भरायला दोन दिवस लागणार होते. मी बसून राहिलो, कारण मला बघायचं होतं, आणि फिजिक्सचा मास्तर आहे म्हटल्यावर भिकाआबांनाही विचारायला कोणीतरी हवं होतं. भिंतीवर दोऱ्याला बांधून रबराचे शंभरेक तुकडे टांगले होते, प्रत्येकावर खडूने काहीतरी लिहिलेलं. गंधक जास्त, गंधक कमी, ताव जास्त, ताव कमी. मधल्या फळीवर मात्र एकच जुनी पुली ठेवलेली. तिच्या तुंब्यावर एक खूण होती आणि कड्यावर दुसरी, आणि दोन्ही खुणांत अंगठ्याएवढं अंतर पडलं होतं. म्हणजे कडं रबरावरून सरकलेलं होतं.

"सर, तुम्ही शिकेल सवरेल," ते पुली माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले. "दखा बरं. हाई रबर का सुटनं?"

मी बघितलं. मला काय कळणार? ठोक्याची खूण कुठे नव्हती.

मग त्यांनीच सांगितलं. पूर्वी दोघा भावांचं जळगावात एकच गॅरेज होतं. भिका मागच्या खोलीत रबर भरायचे, नाना पुढे बसवायचे. एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच तयार करून दिली. त्याच वेळी नानांनी तिचा, वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा, टायमिंग पट्टाही बदलला, पुलीच्या कड्यावरची खूण जुळवून, सगळे जुळवतात तसा. गाडी शिरपूरला निघाली आणि सोनगीरला बंद पडली. याच पुलीचं कडं सरकलं होतं, म्हणजे खूणच खोटी होती, पट्टा चुकीचा बसला होता आणि आतले वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. दोघे भाऊ तिथे धावले. किल्ल्याच्या खाली, भर हायवेवर, इंजिन उघडून बघितलं. भिकाने विचारलं, भाऊ, बसवताना ठोकली तर नाही ना? ठोकली तर रबर आतल्या आत सुटतं, बाहेरून काही दिसत नाही. 

"भाऊनी कानबाईनी आन लिई," भिकाआबा म्हणाले. "नही ठोकी म्हने. मंग मन्हंच रबर चुकनं ना?"

कानबाई म्हणजे घरची देवी. श्रावणात तिचे रोट होतात, म्हणजे गव्हाच्या पोळ्यांचा नैवेद्य, आणि सगळी भाऊबंदकी गावी एका छताखाली येते. तिची खोटी आण घेतलेली कोणी ऐकलेली नाही. म्हणून भिकाआबांनी ती चूक आपल्या अंगाला लावून घेतली. आपल्या रबराने भावाचं नाव घालवलं, आता त्याच्या शेजारी कोणत्या तोंडाने बसायचं, म्हणून ते जळगाव सोडून धुळ्याला आले. तेव्हापासून ते शोधत होते की आपलं काय चुकलं. भिंतीवरचे शंभर तुकडे त्या शोधाचे होते. त्यात ते सगळ्या खानदेशात नाव असलेले कारागीर झाले. चूक मात्र सापडली नव्हती.

"तुम्ही दोघे भाऊ बोलत नाही का मग?" मी विचारलं.

"रोटले भेटतस. पन त्यावर काय बोलनार? त्यानी कधी मले दोष दिधा नही. बरं."

दोन दिवसांनी माझी पुली मिळाली. टिचकी मारली तर ठप्प वाजली. तुंब्यापासून कड्यापर्यंत तिच्यावर एक लाल रेघ ओढलेली होती, गव्हाच्या दाण्याएवढी.

जळगावला नाना पुली बसवायला बसले. हे बघणं हा एक सोहळा असायचा. आधी क्रँकशाफ्टचं टोक कपड्याने पुसायचं, मग बोटाने चाचपायचं. ऑइल सील जिथे घासतो तिथे तेलाचं बोट लावायचं, रबराला मात्र तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. चावी, म्हणजे पुली जागची फिरू न देणारी लोखंडी पाचर, तिच्या खाचेत बसवायची. मग नानांनी स्वतः बनवलेलं हत्यार: हातभर लांब आट्यांचा रॉड, त्याला नट आणि बेअरिंग. रॉड क्रँकशाफ्टच्या तोंडात फिरवायचा आणि नट आवळत आवळत पुली आत ओढायची. पाव आटा, थांब. पाव आटा, थांब. हातोडी त्या वेळी गॅरेजाच्या दुसऱ्या टोकाला, पेटीत, कुलपात असायची. मला ती नानांची विक्षिप्त सवय वाटायची.

पुली हातात घेतल्याबरोबर त्यांना लाल रेघ दिसली.

"ही कोणी ओढली?"

"त्यांनीच. सगळ्या पुल्यांवर ओढतात म्हणे."

"तो बी ओढस?" नाना म्हणाले आणि बराच वेळ ती रेघ बघत राहिले.

मी नको तिथे तोंड उघडणारा माणूस आहे. नाना आटा फिरवत असताना मी फळीवरच्या पुलीचं सांगितलं, भिंतीवरच्या तुकड्यांचं सांगितलं, आणि रबर का सुटलं ते अजून शोधतायत, हेही सांगितलं. नानांचा हात थांबला नाही. पाव आटा, थांब. पुली पूर्ण बसली. मधला बोल्ट मापाने आवळला. पट्टा चढवला. लाल रेघेच्या शेजारी त्यांनी आपली पांढरी ओढली. इंजिन चालू करून माझा हात ठेवला. काहीही लागलं नाही, नुसतं गरम. मी खुशीत वळलो तर नाना स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"चार ठोके मारले होते, सर," ते म्हणाले. "रॉडच्या आट्या गेल्या होत्या त्या दिवशी. गिऱ्हाईक दारात उभं. लाकडाचा ठोकळा लावला आणि चार ठोके मारले. चारच."

मी इंजिन बंद केलं.

"त्याने हायवेवर विचारलं, सर. वीस माणसं उभी. गिऱ्हाईक उभं. घरी विचारलं असतं तर सांगितलं असतं. वीस माणसांत तोंडातून आण निघून गेली. मला वाटलं, चिडेल, दोन दिवस बोलणार नही, मग सांगून टाकू. तो चिडलाच नही. बरं म्हणाला आणि सामान बांधायला लागला."

"आता सांगा नाना. आजच चला."

"सांगतो. कानबाईला सांगतो. तिच्यासमोरच सांगायला पाहिजे."

श्रावणाला चार महिने होते. रोटांना गावी निघण्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा असतो. नाना स्वतःच्या नावाने मोजायचे, मुलांच्या नावाने मोजायचे आणि दरवर्षी न चुकता भिकाच्या नावानेही सव्वा मूठ वेगळी काढायचे. हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. भिकाआबाही धुळ्याला भावाच्या नावाने तसंच करत, हे मला धुळ्यात कळलं होतं. दोन्ही घरांतल्या बायकांना हा जादा गहू माहीत होता. दोघा भावांना एकमेकांचा माहीत नव्हता. आणि मी, ज्याला सगळंच माहीत होतं, गप्प बसलो होतो.

त्या श्रावणात नाना गावी गेले, भावाला भेटले आणि न सांगताच परत आले. "रोट पानात असताना कसं सांगावं? घास अडकला असता त्याला," म्हणाले. पुढच्या श्रावणात म्हणाले, "तो नातीचं लग्न ठरल्याचं सांगत होता. खुशीत होता." मी चिडलो. एवढ्या मोठ्या माणसावर चिडायचा मला काय अधिकार? तरी चिडलो. "नाना, ते तिकडे भिंतीवर रबर टांगतायत," म्हणालो. नानांनी मान खाली घातली.

मध्ये दोनदा मी बोर्डाच्या पेपरांच्या कामाने धुळ्याला गेलो. दोन्ही वेळा भिकाआबांनी चहा पाजला, दोन्ही वेळा फळीवरची ती पुली माझ्यासमोर होती. दुसऱ्या वेळी ते मला नवा तुकडा दाखवून म्हणाले की आता बहुतेक कळलं, तेव्हा ताव जरा कमी पडला असावा. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य माझं नव्हतं, नानांचं होतं, असं मी स्वतःला समजावलं आणि चहा संपवून उठलो. याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या श्रावणाच्या आधी फोन आला. भिकाआबांना लकवा मारला होता.

नाना माझ्या गाडीत बसले. एरंडोल, पारोळा मागे पडलं. साठचा काटा आला की डॅशबोर्डवर हात सपाट ठेवायचे आणि परत मांडीवर घ्यायचे. धुळ्याच्या अलीकडे एकदाच म्हणाले, "आज सांगतो. कोणीही असू दे, वीस असू दे नाहीतर पन्नास."

घरात तीनच माणसं होती. भिकाआबा खाटेवर, उजवी बाजू लुळी. खाटेपाशी त्यांची बायको, अक्का. आणि एक शेजारीण, ती आम्हाला बघून निघून गेली.

"भाऊ उना, दखा," अक्का नवऱ्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या.

भिकाआबांनी डोळे वळवले. "बरं," म्हणाले.

मला वाटलं, चला, बोलताहेत. पण अक्का पदर तोंडाला लावून आमच्याकडे वळल्या. बाकी सगळे शब्द गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, हा एकच राहिला आहे. पाणी देऊ का, बरं. दुखतंय का, बरं. मूल मांडीवर ठेवलं तरी बरं. कळतं की नाही कळत, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आणि पूर्वीच्या चाली गेल्या होत्या. आता सगळे बरं एकाच सुरात येत होते.

नाना खाटेच्या कडेला बसले. पावसाचं बोलले. गावच्या विहिरीचं बोलले. मी उठायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, पान्याने धरावं तसं, आणि मला बसवून ठेवलं. मग भावाकडे वाकले.

"भिका. त्या दिनले हातोडी मी मारी व्हती."

"बरं," भिकाआबा म्हणाले.

"चार ठोका मारात. तुन्हं रबर चांगलं व्हतं. मन्ही आन खोटी व्हती."

"बरं."

अक्का दारात थिजल्यासारख्या उभ्या होत्या. नाना थांबले. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच त्यांच्या मनात शंका आली, ती मला डोळ्यांदेखत येताना दिसली. कुठलंही काम दोनदा तपासल्याशिवाय न देणारा माणूस तो. त्यांनी भावाच्या छातीवर तळवा ठेवला आणि विचारलं, "भिका, मन्हं नाव काय शे?"

"बरं," भिकाआबा म्हणाले.

नाना नुसता हात तिथेच ठेवून बसले. निघताना अक्कांनी शेडमधून फळीवरची ती पुली आणली आणि नानांच्या हातात दिली. "घेई जा, भाऊ," म्हणाल्या. "रोज दखत बसेत. आते काय कामनी?"

परतीच्या रस्त्यावर पुली नानांच्या मांडीवर होती. पारोळ्याच्या पुढे मी बाजूला पाहिलं तर ते दोन्ही अंगठ्यांनी बाहेरचं कडं मागे ढकलायचा प्रयत्न करत होते, एका खुणेवर दुसरी खूण यावी म्हणून. बोटांची नखं पांढरी पडली होती. कडं हलत नव्हतं. सरकायचं तेवढं सरकून ते आता घट्ट बसलं होतं.

"सर," एकदम म्हणाले, "पहिल्यांदा बरं म्हणाला ना, हातोडीचं सांगितलं तेव्हा. तेव्हा तो माझ्याकडे बघत होता ना?"

मी त्या वेळी जमिनीकडे बघत होतो. मला बघवलं नव्हतं.

"हो नाना," मी म्हणालो. "तुमच्याकडेच बघत होते."

"तुम्ही नक्की बघितलं?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

गॅरेजापाशी ते उतरले. पुली काखेत धरून दारापर्यंत गेले, चंदेरी क्रँकशाफ्टपाशी थांबले आणि परत आले. मी इंजिन बंद केलेलं नव्हतं. नानांनी मला बॉनेट उघडायला लावलं. आत लाल आणि पांढरी रेघ असलेली पुली फिरत होती, वेगात दोन्ही रेघा दिसत नव्हत्या. त्यांनी इंजिनच्या झाकणावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, ते नेहमी मला विचारायचे. त्या दिवशी मी विचारलं.

"काय लागतं, नाना?"

"काहीच नही लागत," नाना म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला नाही.